नील्दाचं पदरचं वाक्य

एप्रिलची दोन तारीख जवळ आली की मला मळमळायला लागतं. अगदी पोटातून. सव्वीस वर्षं मी 'ला रिबेरा' या आमच्या सान लासारो गावच्या पेपरासाठी त्या दिवशीच्या युद्धस्मृतीच्या समारंभाचे फोटो काढले. तोच चौक, तोच झेंडा, तीच भाषणं. नगराध्यक्ष बदलत गेले, पोटं तेवढीच राहिली. शाळेची मुलं उन्हात ताटकळत उभी, बँड बेसूर, आणि माइकवर "माल्विनासचे आमचे वीर, आमचे वीर" असा घोष. ते वीर मात्र कडेला झाडाखाली, कुणीतरी भाड्यानं आणून ठेवल्यासारखे. तेरड्याचा रंग तीन दिवस तरी टिकतो. सान लासारोची देशभक्ती दुपारच्या जेवणापर्यंत टिकते. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एखादा वीर बसमध्ये कॅलेंडरं विकायला चढला की हीच माणसं खिडकीबाहेर बघतात.

मी क्रिस्पिन लेदेस्मा. पण मला माझं काही सांगायचं नाही. नील्दा गाउनाचं सांगायचंय. तिच्याबद्दल गावात आता जे बोललं जातं, ते ऐकून माझं डोकं फिरतं. "म्हातारपणी भ्रमिष्ट झाली," म्हणतात. "बिचाऱ्या एका आईचं मन मोडलं," म्हणतात. म्हणणारे कोण, तर ज्यांनी त्या आईला तीस वर्षांत एक किलो मैदा नेऊन दिला नाही.

नील्दाची आई गावाजवळच्या लष्करी छावणीतले कपडे धुवायची. नील्दा लहानपणी डोक्यावर गाठोडं घेऊन फाटकातून आत-बाहेर करायची, त्यामुळे पहारेकऱ्यापासून कमांडरपर्यंत सगळ्यांना ती ठाऊक. "कपड्यावरून माणूस कळतो," ती म्हणायची. "ज्याच्या गणवेशाला सगळ्यात कमी साबण लागतो, तो सगळ्यात कमी मैदानात जाणारा." टायपिंग शिकली, आणि एक्याऐंशी साली पेपराच्या मालकानं तिला ठेवून घेतलं. तिच्या हुशारीसाठी नव्हे. छावणीत जिला कुणी अडवत नाही अशी पोरगी फुकटात मिळत होती म्हणून.

पुढच्याच वर्षी माल्विनास बेटांसाठी इंग्रजांशी युद्ध झालं. आमच्या इथली पोरं, ज्यांनी आयुष्यात बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता, ती दक्षिणेच्या त्या बेटांवर नेऊन टाकली. वय अठरा-एकोणीस. अंगात उन्हाळी कापड. राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारे हाकत राहिले, आणि अडीच महिन्यांत सगळं संपलं. मग छावणीतून एकेक टाइप केलेला कागद पेपरात यायला लागला. सायकलवरून शिपाई आणून द्यायचा.

रुफिनो सोतेलोचा कागद चार ओळींचा होता. खाली लेफ्टनंट ओल्मेदोची सही. 'सैनिक सोतेलो शत्रूच्या तोफगोळ्यानं आपल्या जागी धारातीर्थी पडला. भडिमार सुरू असताना तो जागेवरून तसूभरही हलला नाही.' एवढंच.

मालकानं कागद वाचला आणि नील्दाच्या टेबलावर फेकला. "चार ओळींत काय होतंय? गावचा पोरगा आहे. जरा फुलव."

एकोणतीस वर्षांच्या नील्दानं फुलवलं. नदीकाठचं लहानपण घातलं, तंबाखूच्या शेतातलं काम घातलं, आणि शेवटी एक वाक्य पदरचं घातलं: 'अखेरच्या श्वासाला त्याच्या ओठांवर आईचं नाव होतं.' हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. कागदात नव्हतं. तिला ते छान वाटलं, म्हणून घातलं. खाली नाव छापलं, एन. गाउना. अंक हातोहात खपला. पाद्र्यानं तो मृत्युलेख रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवला, आणि बायका हुंदके देऊन रडल्या.

रुफिनोची आई दोन्या इसाबेलिना; 'दोन्या' म्हणजे आदरानं 'बाई'. तिला वाचता येत नाही. तिनं तो लेख याच्या-त्याच्याकडून वाचून घेत घेत तोंडपाठ केला. भाजी आणायला गेली तरी म्हणायची, दवाखान्याच्या रांगेत म्हणायची. आणि दर वर्षी दोन एप्रिलला समारंभ संपला की नील्दाला घरी बोलवायची, 'माते'चा कडू चहा भोपळ्याच्या भांड्यातून पुढे करायची, चिपा हे चीजचे गरम पाव ताटलीत ठेवायची, आणि तिचाच लेख तिलाच म्हणून दाखवायची. शेवटच्या वाक्यापाशी थांबायची. "तू नसतीस पोरी, तर मला कळलंच नसतं, की माझं नाव घेतलं त्यानं."

मी त्या स्वयंपाकघरात कित्येकदा बसलोय. नील्दा त्या वेळी जमिनीकडे बघायची. मला वाटायचं, हळवी झाली असेल.

एरवी हळवी वगैरे ती मुळीच नव्हती. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, दोन खिशांचा पुरुषी शर्ट, आणि तोंडात ग्वारानी या आमच्या जुन्या बोलीतल्या अशा शिव्या की होडीवाले दचकावेत. छावणीतल्या शिपायांकडून कमांडरच्या मेव्हण्याचं घर बांधून घेतात, हे तिनं छापलं. सैनिकांच्या जेवणातलं मांस किडकं निघालं, तेही छापलं. फाटक तिच्यासाठी बंद झालं तेव्हा आईचं गाठोडं डोक्यावर घेऊन आत गेली आणि कमांडरलाच विचारून आली, "साहेब, तुम्हाला वाढलं ते कुठलं मांस होतं?" आम्ही बातमीदार म्हणवणारे पुरुष छावणीच्या कॅन्टीनमध्ये फुकटची वाइन पीत बसायचो. ही बाहेर भिंतीपाशी शिपायांशी बोलत उभी असायची.

आणि परत आलेली पोरं. त्यांना रात्रीच्या ट्रकमधून आणून उतरवलं, 'जे पाहिलं ते बोलणार नाही' असं लिहून घेतलं, आणि घरी जा म्हणून सांगितलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. नोकरी मागायला गेले तर लोक म्हणत, "हे बेटावरचे, डोक्यानं गेलेले." एकानं विहिरीत उडी घेतली, एकानं दारू पिऊन स्वतःला संपवलं. नील्दा प्रत्येकाच्या मयताला जायची. बातमी द्यायला कमी, आणि खांदा द्यायला माणसं कमी पडतील म्हणून जास्त.

तिची कामाची एक पद्धत होती, जी मला फार वर्षं कळली नाही. एखाद्या सैनिकाशी बोलली की घरी जाऊन टाइप करायची, मग तो कागद घेऊन पुन्हा त्याच्याकडे जायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची. तो 'हो' म्हणाला तरच छापायचं. 'नको' म्हणाला तर त्याच्यासमोर फाडायचं. चांगल्या चांगल्या बातम्या अशा फाटताना मी पाहिल्यात.

"अगं, तू बातमीदार आहेस की कबुली ऐकणारा पाद्री?" मी वैतागून म्हणायचो.

"एकदा न विचारता लिहिलं होतं," ती म्हणायची. "तेवढं पुरे झालं."

एक्क्याण्णव साली तोरिबिओ वेरोन बोलला. तोरिबिओ नदीवर सुरुबी मासे पकडतो. युद्धात तो रुफिनोच्या खंदकात होता. होडीच्या कडेला बसून, जाळं विणता विणता, मान वर न करता त्यानं सांगितलं. आठवडाभर वरून काही खायला आलं नव्हतं. रुफिनोनं आणि त्यानं एक मेंढी मारली. लेफ्टनंट ओल्मेदोनं पकडलं. सुरी रुफिनोच्या हातात होती, म्हणून शिक्षा त्याला. उघड्या माळावर चार खुंट्या ठोकल्या, आणि पोराला पाठीवर पाडून हात-पाय त्या खुंट्यांना बांधले. सकाळी बांधलं. दुपारी तोफांचा भडिमार सुरू झाला. सगळे खंदकात शिरले. ओल्मेदोही शिरला.

"मी सोडवायला निघालो," तोरिबिओ म्हणाला, "तर त्यानं पिस्तूल काढलं. 'शिक्षा संध्याकाळपर्यंत आहे,' म्हणाला. आणि तुमच्या पेपरात काय छापून आलं? जागेवरून हलला नाही. हलणार कसा?"

नील्दा तिथून सरळ घरी टाइप करायला गेली.

तिनं ते लिहिलं, तोरिबिओला वाचून दाखवलं, त्यानं 'हो' म्हटलं. मालकानं मात्र कागद दोन बोटांत धरून परत दिला. "मेंढीचोर म्हणून छापू त्याला? त्या म्हातारीला काय वाटेल, याचा विचार केलास?" ज्या माणसाला म्हातारीच्या घराची दिशा माहीत नव्हती, तो तिच्या मनाची काळजी करत होता! तोपर्यंत छावणीची छपाईची सगळी कामं त्याच्याच छापखान्यात यायला लागली होती, हे तो बोलला नाही. मी मनात त्याला शिव्या घातल्या. मनातच. माझीही नोकरी होती.

पण खरी किळस नील्दाला स्वतःची होती. ते तिनं मला फार पुढे सांगितलं. "मालकानं नाही म्हटलं ना क्रिस्पिन, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चला, दोन्याला सांगायचं टळलं. आणि एप्रिलमध्ये जाऊन मी पुन्हा तिच्या हातचं खाल्लं." अशी वीस वर्षं गेली. कागद तिच्या ड्रॉवरमध्ये, आणि वाक्य म्हातारीच्या तोंडात.

मग दोन हजार बारा साल आलं. युद्धाला तीस वर्षं. आणि ओल्मेदो आला.

आता तो निवृत्त कर्नल होता. केस रुपेरी, दात नवे, आणि हात असा हातात घ्यायचा की आपण त्याचे जुने जावई. नदीकाठच्या प्राथमिक शाळेला 'कर्नल ओल्मेदो' हे नाव द्यायचं नगरपालिकेनं ठरवलं. ते का, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्या माजी सैनिकांच्या फायली राजधानीतल्या कार्यालयात हरवल्या होत्या, त्यांना पेन्शनसाठी आपल्या तेव्हाच्या अधिकाऱ्याकडून 'हा बेटावर होता' असा दाखला आणावा लागायचा. म्हणजे ज्यानं खुंट्यांना बांधलं, त्याच्याचकडे जाऊन म्हणायचं, साहेब, मी तिथे होतो असं लिहून द्या. हा नियम ज्यानं काढला त्याला मी कधी भेटलो नाही, हे त्याचं नशीब. ओल्मेदोकडे अकरा जणांचे दाखले अडकले होते. 'समारंभ होऊ द्या, मग बसून करू सह्या,' असा त्यानं निरोप धाडला होता.

आणि कोनशिलेवरचा पडदा कुणी ओढायचा? दोन्या इसाबेलिनानं. वीरमातेनं. निमंत्रण देऊन झालं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीनं काळा झगा इस्त्रीला दिला होता.

समारंभाला चार दिवस असताना मालकानं आम्हा दोघांना आत बोलावलं. "पहिल्या पानावर तोच जुना लेख पुन्हा छापायचा. सोतेलोचा. तुझाच गं, नील्दा. वर कर्नलचा फोटो, शेजारी आईचा."

"तो लेख खोटा आहे," नील्दा म्हणाली.

"तूच लिहिलास."

"म्हणूनच सांगतेय. मी सांगणार नाही तर कोण?"

"तीस वर्षांनी तुला साक्षात्कार झाला होय?" मालक हसला. "निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुझे. गप छाप, केक काप, घरी जा."

ती तिथून सरळ नदीवर गेली. मी मागोमाग. तोरिबिओ होडीला डांबर फासत होता. तिच्या हातातला पिवळा पडलेला कागद पाहिला आणि त्यानं ब्रश खाली ठेवला.

"फाड तो," तो म्हणाला.

"तोरिबिओ—"

"फाड म्हणतोय ना. तूच म्हणायचीस, नको म्हटलं तर फाडेन. मी आता नको म्हणतोय."

"तो शाळेला नाव लावून घेतोय, अरे! आणि पडदा कोण ओढणार, माहितीये ना?"

"माझा दाखला आहे त्याच्याकडे." त्यानं ब्रश पुन्हा उचलला. "बायकोचं डायलिसिस आहे, नील्दा. मी काय, बेटावर सहलीला गेलो होतो? पण कागद म्हणतो मी नव्हतो. कागदावर त्याची सही पाहिजे. थुंकी गिळतो, आणि सही घेतो. तू नको मध्ये येऊस."

तिनं कागद फाडला. चार तुकडे, मग आठ. ते पाण्यात न टाकता त्याच्या हातात दिले. मी म्हटलं, संपलं. नियमाचा इतका हट्ट कशाला, असंही म्हणालो. तिनं मला अशी शिवी दिली की तोरिबिओसुद्धा हसला.

"त्याचं त्याला परत दिलं," परतताना ती म्हणाली. "माझं जे आहे ते तर माझंच आहे ना."

मला तेव्हा कळलं नाही. शनिवारी दुपारी कळलं. पेपरात दुसऱ्या पानावर, तळाशी, 'दुरुस्ती' म्हणून एक चौकट असते. वाढदिवसाला चुकीचं नाव छापलं, मयताची वेळ चुकली, असलं त्यात येतं. मालक ती चौकट कधीच वाचत नाही. स्वतःच्या चुका वाचायला त्याला कमीपणा वाटतो. मजकूर सरळ पान लावणाऱ्याकडे जातो. नील्दानं त्या चौकटीसाठी पाच ओळी लिहिल्या होत्या. पण छापायला देण्याआधी ती ज्याचं त्याला वाचून दाखवायला निघाली.

दोन्या इसाबेलिना अंगणात सावलीला बसली होती. आम्हाला बघून उठायला लागली. "आज कसं काय? सोमवारी यायचं ना! चिपा केला नाही अजून."

"बसा, दोन्या. मी खायला नाही आले," नील्दा म्हणाली, आणि उभ्या उभ्याच वाचलं. 'जून १९८२च्या अंकात मी रुफिनो सोतेलो याच्याबद्दल लिहिलं, की अखेरच्या श्वासाला त्याच्या ओठांवर आईचं नाव होतं. हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. ते मी रचलं. बाकीचा मजकूर लेफ्टनंट ओल्मेदो यांच्या कागदावरून घेतला, आणि तो खरा आहे का, हे मी कुणालाही विचारलं नाही. — नील्दा गाउना.'

म्हातारीनं वाकून पायांतली एक कोंबडी बाजूला सारली. मग तिनं विचारलं, "रचलंस?"

"हो."

"कशाला?"

"छान दिसावं म्हणून."

म्हातारीनं तोंड फिरवलं. मला वाटलं रडेल, किंवा हाकलून देईल. नील्दाला शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं, इतकी ती ताठ उभी होती. पण म्हातारी म्हणाली, "मग कसा गेला तो?"

"ते मी नाही सांगू शकत, दोन्या. ते माझं नाही."

"कुणाचं आहे?"

म्हातारी काही दुधखुळी नव्हती. रुफिनोच्या खंदकातला जिवंत असा गावात एकच उरला होता. "क्रिस्पिन," ती मला म्हणाली, "तोरिबिओला घेऊन ये. म्हणावं, रुफिनोची आई बोलावतेय. दाखल्याचं कारण सांगायला लागला तर म्हणावं, माझ्यापुरतं बोल, पेपराला नको."

तोरिबिओ आला. टोपी हातात चुरगाळत होता. येणार नाही म्हणून आधी मला दगड मारायला धावला होता, पण आला. खाली जमिनीवर बसला आणि त्यानं सांगितलं. मेंढी, खुंट्या, सकाळ, दुपार, पिस्तूल. सगळं सांगून झालं तेव्हा तोरिबिओ पोरासारखा रडत होता, आणि ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून होती.

मग तिनं विचारलं, "मेंढी खाल्ली का त्यानं?"

तोरिबिओनं मान वर केली. "काय?"

"मारली म्हणतोस ना. आठवडाभर उपाशी होता म्हणतोस. मग थोडी तरी खायला मिळाली का त्याला, बांधायच्या आधी?"

मी नील्दाकडे बघितलं. तीस वर्षं ती सैनिकांशी बोलत होती. तारखा विचारल्या, हुद्दे विचारले, गोळ्यांचे आकार विचारले. हा प्रश्न तिला कधी सुचला नव्हता. मला तर नाहीच.

"नाही, दोन्या," तोरिबिओ म्हणाला. "कातडं काढत होतो, तेवढ्यात आला तो."

"मग मेंढीचं काय झालं?"

"ते नाही ठाऊक. ती घेऊन गेले."

म्हातारीनं मान हलवली. "बरं. मी सोमवारी समारंभाला जाणार आहे," ती म्हणाली. "त्यानं मला बोलावलंय. ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारते."

दुरुस्ती रविवारच्या अंकात आली. पहिल्या पानावर लेख, दुसऱ्या पानावर तळाशी तो लेख खोटा असल्याची चौकट. दिवसभरात फक्त तिघांनी वाचली म्हणे, आणि त्यातल्या दोघांना वाटलं छपाईची चूक आहे. या गावात वाचतात ते मृत्युलेख आणि फुटबॉल. मालकाला संध्याकाळी कुणीतरी दाखवली. त्यानं नील्दाला फोनवरच काढून टाकलं. आठ महिन्यांनंतरचा केक वाचला त्याचा.

सोमवारी समारंभ झाला. शाळेच्या पटांगणात मांडव, मागच्या बाजूला जेवणाची तयारी. कर्नल पांढऱ्या हातमोज्यांत. गावच्या मृतांची नावं माइकवर वाचायची, आणि प्रत्येक नावाला लोकांनी 'हजर!' म्हणून ओरडायचं, अशी रीत. वाचत वाचत आले, "सैनिक रुफिनो सोतेलो!" लोक सवयीनं ओरडले, "हजर!" मग दोन्या इसाबेलिनाला हाताला धरून पुढे आणलं. कर्नलनं वाकून तिचा हात चुंबला. ती म्हणाली, माइक समोरच होता, सगळ्यांना ऐकू गेलं,

"साहेब, त्या मेंढीचं काय झालं?"

"कुठली मेंढी, सेन्योरा?"

"माझ्या पोरानं मारली ती. ज्यासाठी तुम्ही त्याला बांधलंत."

ओल्मेदो शहाणा असता तर म्हणाला असता, आई, तुम्ही थकलात, बसा. पण चाळीस वर्षं नियमात मुरलेला माणूस तो. चोरीच्या मालाचं काय झालं, असं विचारलं की त्याची पाठ आपोआप ताठ होते. तो म्हणाला, "नियमाप्रमाणे जप्त करून अधिकाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जमा केली, सेन्योरा." आणि मग त्याच्या तोंडावरून रंग उतरला. आपण काय कबूल केलं, हे त्याला आमच्यानंतर कळलं.

"म्हणजे तुम्ही खाल्लीत," म्हातारी म्हणाली.

"युद्ध होतं ते, बाई."

"हो ना. आणि तो माझा मुलगा होता."

झाडाखालून तोरिबिओ ओरडला, "आम्हाला हाडंसुद्धा दिली नाहीत!" त्याचा दाखला त्या क्षणी गेला, हे त्यालाही कळलं असणार. बाकीचे दहा जण जमिनीकडे बघत राहिले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांचा हात दगडाखाली होता.

म्हातारीनं पडद्याच्या दोरीला हात लावला नाही. चुंबलेला हात झग्याला खसाखसा पुसला आणि पायऱ्या उतरली. नील्दा खाली उभी होती. म्हातारीनं तिचा दंड धरला. माफी म्हणून नव्हे, उतरायला आधार हवा म्हणून. तिघं फाटकातून बाहेर पडली, म्हातारी, नील्दा आणि तोरिबिओ.

तुम्हाला वाटेल, मग समारंभ मोडला असेल. छे! माइकवाल्यानं संचलनाची तबकडी लावली. नगराध्यक्षानं स्वतः पडदा ओढला. मुख्याध्यापिका म्हणाली, "वयाचा परिणाम आहे हो," आणि टाळ्या झाल्या. आजही त्या शाळेवर तेच नाव आहे, आणि पोरं रोज त्याखालून आत जातात. सह्या मात्र त्यानं दहाच केल्या. कागदावर तोरिबिओ अजून बेटावर गेलेला नाही.

मला फोटो काढायचे होते म्हणून मी मागे थांबलो. असं मी स्वतःला सांगतो. मांडवामागे जेवण तयार होतं. मोठ्या पाहुण्यासाठी आपल्याकडे करतात तसं, आख्खी कोकरं पाय फाकवून, जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळयांना तारेनं बांधलेली, खाली निखारे. सहा होती. लोक ताटल्या घेऊन रांगेत उभे राहिले. कर्नलला पहिला तुकडा वाढला, आणि त्यानं तो खाल्ला.

मीही रांगेत उभा राहिलो. मीही खाल्लं. चांगलं शिजलं होतं.